डोंगराची खूण आतल्या बाजूला

मिरकाब, कुवेत
६ जानेवारी २०२५

ती. द्वारकाआत्यास,
शैलेशचा सा. न. वि. वि. नमस्कार खराखुरा साष्टांग आहे, कारण खोलीत खुर्ची नाही आणि मी जमिनीवर पालथा पडून लिहितोय.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, फोन लावला की तुझे यजमान इथे माझ्या मागे येऊन उभे राहतात, आणि गोष्ट नेमकी काकांचीच आहे. माझ्या खोलीतल्या तौफीकच्या ओळखीतलं कोणी ना कोणी दर आठवड्याला रत्नागिरीला जातं, त्याच्या हाती पाठवतोय. तूही तशीच पाठव.

इथे थंडी पडते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी शुवैखला आमचं टायरचं दुकान उघडताना काका माकडटोपी घालतात, तेव्हा ते ओळखू येत नाहीत. इथले लोक या दिवसांत वाळवंटात तंबू ठोकून राहतात. मीही एकदा गेलो होतो, तिथे एका उंटाने माझा मफलर खाल्ला. बरं, ते राहू दे.

मालकाने गेल्या महिन्यात कंटेनर भरून टायर स्वस्तात उचललेत. पहिलाच टायर लोळवत आणला आणि मी थबकलो. बाजूवर तीन शेंड्यांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. आत्या, ही खूण मनालीत मी पर्यटकांच्या गाड्यांखाली लोळून लोळून पाठ केलीय. हा बर्फातला टायर. रबर मऊ, अंगभर बारीक चिरा, म्हणून तो गारठ्यात रस्ता धरून ठेवतो. आत्ता जानेवारीत इथेही मांजरासारखा चालतो, गिऱ्हाईक खूश. पण मे महिन्यात इथलं डांबर तव्यासारखं तापतं. तेव्हा हेच रबर उन्हातल्या फणसपोळीसारखं होणार. ब्रेक मारला तरी गाडी पुढेच जाणार, आणि भरवेगात टायर फुटला तर विचारायलाच नको.

इथे टायर घेताना जो तो त्यावरची बनल्याची तारीख बघतो, कारण उन्हाने जुना टायर तडकतो. यांची तारीख एकदम ताजी. तारीख सगळे बघतात, डोंगर कोणी बघत नाही. आणि कोणी बघूही नये, म्हणून मालकाचा हुकूम आहे की बसवताना डोंगराची बाजू आत घालायची. कसं घालायचं ते आम्हाला दाखवलं कोणी? काकांनी.

मी घालणार नाही. सांगून ठेवतो.

कळावे. लोभ असावा, आणि लोभाबरोबर थोडी कुळथाची पिठीही असावी.

तुझा,
शैलेश

देवरुख
१९ जानेवारी २०२५

चि. शैलेशास,
अ. उ. आशीर्वाद. त्यातले निम्मे तूर्त राखून ठेवतेय, तुझं वागणं बघून देईन.

पिठी पाठवली आहे. तौफीकच्या चुलतभावाला म्हटलं, पिशवी उलटी धरू नकोस, तर तो हसला. हसायला काय झालं?

आता ऐक. आयटीआय सोडलंस, का, तर मास्तरांचा आवाज आवडला नाही. गोवा सोडलंस, समुद्राचा कंटाळा आला म्हणून. मनाली का सोडलंस ते अजून कोणाला कळलेलं नाही, बहुतेक तुलाही नाही. तुझ्या काकांनी मालकापुढे शब्द टाकून तुला तिकडे नेलं. त्यांची एकोणीस वर्षं गेली त्या दुकानात. आमच्या सुखदाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्यांच्या पगारावर चाललंय. तुझ्या तोंडापायी त्यांना काढलं, तर या वयात कोण दारात उभं करणार?

टायरमधलं मला कळत नाही. पण हे कोणाचं वाईट करणारे नव्हेत, एवढं कळतं. ते म्हणतात आत, तर तूही आत घाल आणि गप्प बस. जगाची गाडी तुझ्या एकट्याच्या जॅकवर उभी नाही.

एक मात्र खरं खरं कळव. हे टायर घेतं कोण?

लोभ आहेच, तो काही तुझ्या गुणांवर अवलंबून नाही.

आत्या

मिरकाब
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. राखून ठेवलेले निम्मे आशीर्वाद आता तुझ्याकडेच राहू देत, कारण मी गप्प बसलो नाही.

कोण घेतं विचारलंस ना? झरीनभाभी घेतात. मूळच्या दापोलीकडच्या, राहतात मंगफला, शहरातल्या इस्पितळात नर्स आहेत. सुखदा होणार आहे तीच. रोज हायवेने गाडी हाणत येतात. मागच्या सीटवर दोन मुलं इंग्रजीत भांडत असतात, त्यांना भाभी मराठीत शिव्या घालतात. इतक्या गोड शिव्या मी दापोलीतही ऐकल्या नाहीत. काकांना त्या हरिशभाई म्हणतात आणि येताना तळलेले बोंबील आणतात.

त्यांच्या मागच्या चाकांना काकांनी डिसेंबरातच हे टायर घातले होते. काल त्या पुढचे दोन बदलायला आल्या. काकांनी मला हाक मारली. मी टायर आणला, त्यांच्या पायाशी आडवा टाकला आणि डोंगरावर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्या इस्पितळाच्या कपड्यांत तिथेच गुडघ्यावर बसल्या, मोबाइलची बत्ती मागच्या चाकाच्या आतून फिरवली आणि त्यांना तिथलाही डोंगर दिसला. मग उठून त्यांनी माझ्याकडे नाही, काकांकडे पाहिलं. म्हणाल्या, रस्त्यात पन्नास दुकानं ओलांडून मी इथे येते, हरिशभाई, ती तुम्ही आहात म्हणून. आणि तशाच निघून गेल्या. बोंबलाचा डबा आमच्याकडेच राहिला.

मालकाने महिनाअखेर माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायचं ठरवलंय. करू दे. त्याने एक वाट ठेवली होती, भाभींना फोन करून मी थट्टा केली असं सांगायचं. मी म्हटलं, थट्टा मी करतो तेव्हा लोक हसतात.

बसमध्ये काका दुसऱ्या सीटवर बसले. रात्री जेवण त्यांनीच केलं, माझंही वाढलं. शेवटी मीच विचारलं, काका, का? तर म्हणाले, मी छप्पन्न वर्षांचा आहे. एवढंच. आत्या, हे काय उत्तर झालं?

माफी मागणार नाही. तू सांगितलंस तरी नाही.

लोभाचं तुझं तू ठरव. माझा तुझ्यावर आहे.

शैलेश

देवरुख
१४ फेब्रुवारी २०२५

अहो,
द्वारकाचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून विषय टाळता. कागदावर तसं करता येणार नाही, म्हणून लिहितेय.

शैलेशने मला सगळं कळवलंय. आधी मी त्यालाच रागावले, गप्प बस म्हणून सांगितलं. मग त्याने त्या दापोलीच्या बाईंचं लिहिलं, आणि दोन दिवस माझ्या तोंडाची चव गेली.

आपल्या लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवतो का? माझ्या भावाने, म्हणजे शैलेशच्या बाबानेच, पेटीच्या तळाला डागी आंबे भरले होते, वर चांगले. तुम्ही भर बाजारात पेटी उलटी केलीत. सगळ्या रत्नागिरीने पाहिलं. भाऊ वर्षानुवर्षं आपल्या दारी आला नाही. मला माहेर पारखं झालं, तरी मी तुमच्या बाजूने उभी राहिले, कारण तुमची बाजू खरी होती.

आता त्याचाच मुलगा पेटी उलटी करतोय आणि तळाला आंबे भरणारे तुम्ही आहात. मी कोणाच्या बाजूने उभी राहू, ते मला सांगा.

सुखदाचं नाव पुढे करू नका. मी तिला विचारलं. ती म्हणाली, बाबांना सांग, अशा टायरपायी जखमी झालेली माणसं उद्या माझ्याच वॉर्डात येतील. फीचं बघून घेऊ. माझे हात अजून चालतात, आणि आंब्याला यंदा मोहोर बरा आहे.

रागावलात तर रागवा, पण उत्तर द्या.

तुमचीच,
द्वारका

मिरकाब
१ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. यावेळी उभ्याने लिहितोय, सामान बांधून झालंय आणि जमिनीवर जागा नाही.

तू काकांना काय लिहिलंस ते त्यांनी दाखवलं नाही. रात्रभर दिवा मात्र चालू होता, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांच्या शिव्या मीच खाल्ल्या. सकाळी माकडटोपी न घालताच निघाले. दुकानात गेले आणि कंटेनरमधले उरलेले टायर एकेक करून बाहेर रस्त्यावर लोळवत आणले. भिंतीला टेकवून ओळीने उभे केले, डोंगर बाहेर. येणारा जाणारा थांबून विचारायला लागला की हा कसला डोंगर. काका अरबीत सांगायचे, हिंदीत सांगायचे, एका केरळच्या ड्रायव्हरला तर हातवारे करून बर्फ पाडून दाखवला.

मग फोन लावले. काकांना गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, गाड्या आठवतात. पांढरी, दार चेपलेली, सालमियाची, बोलवा. निळी, मागे बाळाची खुर्ची, बोलवा. झरीनभाभी आल्या, पण गाडीतून उतरल्या नाहीत. काकांनी स्वतः जॅक लावला, मागचे दोन्ही टायर काढले आणि उन्हाचे घातले. भाभींनी रिकामा डबा परत मागितला. म्हणजे पुन्हा भरून येणार, असं मी समजतो. काका म्हणतात, इतक्यात समजू नकोस.

मालक आला आणि खूप ओरडला. तुझाही इकामा खलास, म्हणाला. काकांनी हात पुसले आणि म्हणाले, खलास मी सकाळीच म्हटलंय, तुम्हाला यायला उशीर झाला.

मग रस्त्यातच त्या बर्फाच्या टायरांवर बसून आम्ही चहा प्यालो. महिनाभरात काका पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. विचारलं, काय रे, बर्फावर खरंच धरतात का हे? मी म्हटलं, काका, मनालीच्या उतारावर गोचडीसारखे. तर बराच वेळ टायरवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, माल चांगला आहे रे, उगाच इथे आणला.

आंबे उतरवायच्या आत दोघेही दारात उभे असू. पेट्या आम्ही भरू. बाबांना पेट्यांपासून लांब बसव.

राखलेले आशीर्वाद आता काढ. लोभ दोघांनाही पुरेल एवढा ठेव.

तुझा,
शैलेश