दुबईला न गेलेल्या दिनेशला

प्रिय दिनेश,

काल कोर्टात तुझ्या खुनाच्या खटल्यात साक्ष दिली. आज रजा टाकून घरी बसलेय. आपली श्वेता म्हणतेय, "आई, जरा झोप." पण आधी तुझ्याशी बोलायचंय. वीस वर्षांत कधी बोलावंसं वाटलं नाही, तुझा रागच तेवढा होता!

तू घरी आला नाहीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा जिगरी उदय आला. "वहिनी, दिन्या दुबईला पळाला. तिकडे त्याची दुसरी बाई आहे. वाट बघू नका." मी त्याला चहा करून दिला रे! ज्या हातांनी तुला मारलं, त्याच हातांत मी कप दिला.

विश्वास का नाही ठेवणार? तू कधी खरं सांगायचास? "साइटवर काम होतं," म्हणायचास आणि शर्टाला रक्त लागलेलं असायचं. मी गुपचूप धुवायची. कोणाचं रक्त, हे एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं मी?

घाटकोपरच्या चाळीत बायका नळावर विचारायच्या, "काय गं, दुबईचा फोन?" अंधेरीच्या ऑफिसात कँटीन सांभाळून मी श्वेताला वाढवलं. तिच्या दहावीच्या निकालाला भिंतीवरचा तुझा फोटो उतरवून कपाटामागे टाकला. मंगळसूत्र मात्र राहिलं. का, ते विचारू नकोस.

आणि गेल्या वर्षी तुमच्यातला तिसरा, मन्या, आजारी पडला. मरायच्या आधी स्वतःहून पोलिसांकडे गेला आणि सगळं ओकला. तू पोलिसांना खबर देतोस, असा उदयला संशय होता म्हणे. तू दिलीच नव्हतीस! मुलुंडच्या एका बंद कारखान्यामागे खोदलं, हाडं मिळाली. श्वेताने डीएनए तपासायला रक्त दिलं, ते जुळलं.

पोलीस बाई म्हणाल्या, "ताई, ते घरी आले नाहीत त्याच दिवशी गेले. तुम्हाला सोडून कुठेही पळाले नव्हते."

मी तिथेच रडले. पण खरं सांगू? हलकं वाटलं. नवरा मेल्याचं कळून बरं वाटावं, काय बाई आहे मी!

काल उदय समोरच होता. केस पांढरे, हातात जपमाळ. त्याच्या वकिलाने विचारलं, "तुमचे पती गुंड होते, बरोबर?"

"हो," मी म्हणाले. "लोकांना दम द्यायचे, मारायचे. मला माहीत होतं."

किती वर्षं हे तोंडातून निघत नव्हतं, दिनेश! काल निघालं.

"मग असा माणूस घर सोडून पळालाही असेल, नाही का?"

"मीही वीस वर्षं तेच समजत होते, साहेब. कारण याने घरी येऊन तसं सांगितलं होतं." मी सरळ उदयकडे बोट केलं. त्याने मान खाली घातली. जज साहेबांनी माझं वाक्य शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर एकही तारीख चुकवणार नाही, हा शब्द देते. आणि तुझ्या अस्थी ताब्यात मिळाल्या की अग्नी श्वेता देणार आहे. तुझ्या भावाने कुरकुर केली, तर ती म्हणाली, "काका, बाबा माझे आहेत." मी तिच्या शेजारी उभी राहीन.

तुझीच,
वैशाली