चार बोटं जास्त

बाबा, गाडीची काच काल बसली. तुम्हाला जाऊन बत्तीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं ती गाडी शिवपूरला आत्याच्या अंगणात, त्याच टिनाच्या शेडमध्ये उभी होती. टप कापून टाकलेली, बुटकी, पुढे लांबलचक नाक असलेली. हल्लीची मुलं मोबाइलवर बघून असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. तुम्ही नुसतं ‘माझी मोटार’ म्हणायचात आणि आई ‘ते भंगार’ म्हणायची. इंजिन मी मागच्या वर्षी बसवलं. चाकं, ब्रेक, वायरिंग, सगळं सुट्टीच्या दिवशी एकेक करून झालं. राहिली होती फक्त समोरच्या काचेची चौकट, कारण ती तुम्ही अर्धी करून ठेवली होती आणि तिला हात लावायचा मला धीर होत नव्हता.

आपल्या घराचा स्वयंपाक आणि तुमची मोटार मला वेगळे आठवतच नाहीत. मंगला गौरीच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं लागतं, मोटार कुठून येणार? म्हणून मोटारीचा एकेक भाग तुमच्या काखेतून, गाई चुकवत घरी यायचा आणि तुम्ही कारखान्यातून आलात की चुलीशेजारी पोतं अंथरून बसायचात. एकीकडे आई पोळ्या लाटतेय, एकीकडे तुम्ही पितळ तापवताय. लाल झालं की पाण्यात बुडवायचं, मग ते मऊ होतं आणि हळूहळू वाकतं, हे मी शाळेत नाही, तिथे शिकले. टेप तुम्हाला आवडायचा नाही. काजळ लावलेला दोरा घ्यायचात, त्याला गाठी मारायचात, आणि तो दोरा खिशात घालून रविवारी शिवपूरला जायचात. दादाला बरोबर न्यायचात, मला नाही. मी हट्ट केला की एकच उत्तर: ‘तू मोठी हो, मग.’ हे मला टाळणं वाटायचं. लहान मुलांना लोक असंच काहीतरी म्हणतात ना.

एकदा मी तुमचं बघून एक पट्टी कापली होती. खुणेवर, अगदी बरोबर. तुम्ही कौतुक कराल म्हणून धावत आणली, तर तुम्ही ती हातात फिरवली आणि मला म्हणालात, ‘हात आहेत की कैची? इतकं नेमकं कापायची जल्दी कसली होती? थोडं ज्यादा ठेवत जा गं.’ पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर. मी दोन दिवस बोलले नाही. आता पंचवीस वर्षं मी तंत्रशाळेत फिटरकाम शिकवते आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात हेच वाक्य ऐकवते. तुमचं म्हणून नाही, माझं म्हणून.

या थंडीत शेवटी ती चौकट शेडमधल्या खिळ्यावरून उतरवली. तुमच्याच जुन्या धोतरात गुंडाळलेली होती. खालची पट्टी, दोन्ही बाजू आणि खालचे दोन पाय तयार होते, वरची पट्टी तेवढी नव्हती. ती मी केली. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग शिसवीचा ठोकळा, मग पितळेची पन्हळ तापवून त्या ठोकळ्यावर मुठीने दाबत दाबत वाकवली. तिसऱ्या खेपेला जमली. खरं सांगते बाबा, कोपरे इतके छान बसले की मी एकटीच हसत होते. पण तुमचे पाय मला खटकत होते. बोनेटच्या मागे पाय अडकवायच्या ज्या बेळक्या आहेत त्यांत घातले की ते खाली चार बोटं जास्त लोंबायचे, गुडघ्याला लागायचे. मला वाटलं, काम अर्धं राहिलंय, कापायचं राहून गेलंय. हॅक्सॉ घेतला आणि दोन्ही पाय कापले. खुणेवर, अगदी बरोबर.

काच घातली, रबर ठोकून बसवलं, आणि मी चालवायच्या जागेवर बसले. समोर रस्ता नाही, अंगण नाही, आत्याची तुळस नाही. बरोबर डोळ्यांसमोर पितळेची वरची पट्टी! मान वाकवली तर काचेतून दिसतं, ताठ बसलं तर काचेवरून वारा. चौकट उचलावी म्हटलं, तर उचलायला खाली पाय शिल्लक नाहीत. मला तुमचा राग आला. म्हटलं, एवढे मोठे कारागीर आणि चालवणाऱ्याची उंचीच धरली नाही. मग जुना राग आला तो वेगळाच. धरली असेल, पण दादाची धरली असेल, तो माझ्याहून बुटका राहिला, त्याला ही चालली असती.

घरी येऊन आईपुढे हा सगळा राग ओकले. ती मेथी निवडत होती. म्हणाली, ‘भूलून गेलीस का? माप तर तुझं घेतलं होतं. इथेच, दोन पाटांवर बसवून.’

ते मी विसरले नव्हते. मी बारा वर्षांची. तुम्ही पाटावर पाट ठेवलात, माझ्या हातात कणकेची परात उभी धरायला दिलीत आणि म्हणालात, ‘चल, सारनाथला घेऊन चल मला.’ मी परात फिरवतेय, कोरडं पीठ सांडतंय, आई ओरडतेय, आणि तुम्ही माझ्या डोळ्यापाशी दोरा धरून गाठ मारताय. मी म्हटलं, ‘आठवतंय. दादा घरी नसेल म्हणून मला बसवलं असेल.’

‘दादा?’ आई म्हणाली. ‘तो तर तिथेच खिडकीत बसला होता, भुने चणे खात. त्याला बसवायचं असतं तर उठवलं नसतं? सतरा वर्षांचा घोडा, त्याचं काय वाढायचं बाकी होतं? मी पूछलं यांना, चौकटीला इतके लंबे पाय कशाला? तर म्हणाले, ही वाढेल ना अजून. जशी वाढेल तशी काच वर घेऊ. मी तेव्हा तुझ्या परकराला दुमड घालत होते, मला काय, पटलं.’

बाबा, मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. ‘तू मोठी हो, मग.’ तुम्ही टाळत नव्हता. तुम्ही त्याची तजवीज करत होता आणि पितळेत चार बोटं जागा ठेवून वाट बघत होता. मी मोठी व्हायच्या आतच तुम्ही अंथरूण धरलंत, आणि मी मात्र दादाला नेलं, मला नेलं नाही, एवढंच धरून बसले. तुमच्या शेवटच्या महिन्यात, जरा बरं वाटत होतं त्या दिवशी, तुम्ही एकदा शिवपूरला येतेस का म्हणून विचारलं होतं. मी अभ्यास आहे म्हणाले. अभ्यास नव्हता.

कापलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात सापडले. ते घेऊन ठठेरी बाजारात गेले, तिथले एक म्हातारे कारागीर अजून पितळेला पितळेचा टाका घालून देतात. त्यांनी जोडले. छान जोडले, पण जोड दिसतो, दोन्ही पायांवर एकेक पिवळीजर्द रेघ. चौकट चार बोटं वर घेतली आणि काल पुन्हा काच बसवली. आता वरची पट्टी माझ्या डोळ्यांच्या वर राहते आणि काचेतून सगळं स्वच्छ दिसतं. आज सकाळी आईला खुर्चीत बसवून गल्लीतल्या दोघांनी मैदागिनपर्यंत, मोटार येते तिथवर, उचलून आणलं. ती शेजारी बसली, पदर घट्ट धरला आणि सारनाथपर्यंत एकदाही भंगार म्हणाली नाही. परतताना म्हणाली, ‘जरा धीमे घे, मला अजून बसायचंय.’

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या कारागिरांना मी म्हटलं होतं की पाय माझ्या वडिलांनीच चुकून आखूड कापले. त्यांनी चौकट उलटीपालटी केली, तुमच्या हातचे कोपरे बघितले, मग कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. बाकीचं पितळ काळवंडलेलं आणि ती कड लखलखीत. ‘काट तो नया है, बिटिया,’ एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. तरीही मी खरं बोलले नाही. आईलाही जोड तुमचाच म्हणून सांगितलाय. पाय मी कापले, बाबा.