चौतीस चेहरे, सातवी ब

सोमवार, ३ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या सोमवारी पालकांसाठी चित्रप्रदर्शन. ते बघून मला कायम करायचं की नाही ते ठरणार. अकरा वर्षं टेंपररी आहे मी! आणि ठरवणार कोण, तर केबिनमध्ये प्लॅस्टिकची सूर्यफुलं ठेवणारी बाई. असो. विषय ठरवला: स्वतःचा चेहरा, फक्त कंटूर. म्हणजे नुसती रेषा. शेडिंग नाही, रबर नाही. कायम झालोच समजा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सगळ्यांना आरसे आणायला लावले. नियम सांगितला: नजर आरशात, पेन कागदावर, पेन उचलायचं नाही, खाली बघायचं नाही. अर्ध्या वर्गाने पिंपल्स फोडले. मागच्या बाकांनी माझ्या डोळ्यांवर कवडसे पाडले. एकाचा कान गालावर, एकीचे दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला. ठोंबे लेकाचे! एक चष्मिस पोरगी म्हणाली, सर, तुम्ही काढून दाखवा ना. म्हटलं, डॉक्टर स्वतः इंजेक्शन घेऊन दाखवतो का? कसलं चोख उत्तर दिलं!

गुरुवार, ६ फेब्रुवारी
चौतीस चित्रं जमा. चष्मिस तापाने घरी. चित्रं कसली, बटाटे. शिवणाच्या बाई डोकावल्या, म्हणाल्या, अय्या, प्रत्येक मूल ओळखू येतंय हो! बाईंनी आपली काजं-बटणं ओळखावीत. मी हसून दार लावून घेतलं. मोठेपणा माझा.

रविवार, ९ फेब्रुवारी
दिवसभर चित्रं सुधारली. व्हाइटनर आणि काळा मार्कर. नाक धारदार, भुवया ठसठशीत, हनुवटी पुढे. आठव्या चित्रानंतर हात असा बसला की विचारही करावा लागेना. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. कलाकाराला भूक नसते. तीन वाजता जेवलो, दोनदा वाढून घेतलं.

सोमवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी चष्मिसने चित्र आणून दिलं. डोळे चष्म्याच्या बाहेर! सुधारायला वेळ नव्हता, कोपऱ्यात चिकटवलं.
पालक आले. आया भिंतीसमोरून तीन-तीनदा फिरल्या, आपलं पोर सापडेना. एका बाबांनी विचारलं, हा एकच माणूस चौतीस वेळा का काढलाय? मोठ्या बाईंनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. नाक, भुवया, हनुवटी.
चष्मिसची आजी मात्र दारातून थेट कोपऱ्यात गेली, आणि ही बघा आमची, असं सगळ्यांना सांगत सुटली. मग गर्दी तिथेच. लोकांना अभिरुचीच नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
कायम नाही. पुढच्या वर्षी चित्रकला शिवणाच्या बाई घेणार. नुकसान शाळेचं.
मुलांना आपापली चित्रं घरी न्यायला सांगितली. कोणी उठेना. पहिल्या बाकावरचा म्हणाला, सर, हा मी नाहीये. त्याला झापायला तोंड उघडलं. मग वळून कोरा फळाच पुसला.
सुटल्यावर शिपाईमामांनी चौतीसच्या चौतीस गुंडाळून सुतळी बांधली. विचारलं, सर, तुमचीच आहेत ना? नेता का घरी?
आणली.