सतरावा रकाना

१२ एप्रिल १९९३, सोमवार

दौलेतखान माझ्या बायकोच्या शेजारीच जाऊन बसला. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर आणखी चार जागा रिकाम्या होत्या. मी मोजल्या.

शहरातून डॉक्टरांचं पथक आलंय. रक्त, वजन, डोळे, गळा — अणुचाचण्यांच्या स्फोटांच्या वाऱ्यात राहिलेल्या सगळ्यांची तपासणी. पण आधी फॉर्म भरायचा आणि फॉर्म रशियनमध्ये. मोठ्या डॉक्टरीणबाई लारिसा पाव्लोव्हना यांनी विचारलं, चांगलं अक्षर कुणाचं? साऱ्या कारासाय गावानं माझ्याकडे बोट दाखवलं. दुसरं कोण आहे? सकाळपासून टेबलाशी बसून एकतीस फॉर्म भरले. एकात खाडाखोड नाही.

बाई म्हणाल्या, "रशियन कुठल्या शाळेत शिकलात?" मी म्हटलं, "शाळा चौथीपर्यंत. पुढचं टपाल खात्याच्या नियमावलीतून, शब्दकोश शेजारी ठेवून." त्यांनी भुवया वर केल्या. बरं वाटलं.

सतरावा रकाना सर्वांत मोठा. बासष्टच्या उन्हाळ्यात, जमिनीवरचे शेवटचे स्फोट झाले तेव्हा तुम्ही नेमके कुठे होता. उघड्यावर की आत. दूध कुठल्या जनावराचं, दिवसाला किती वाट्या. शाकेन आजींना विचारलं तर म्हणतात, "लिही, शेण वेचत होते. त्यांनी आभाळ पेटवलं तरी माझी चूल काय आपोआप पेटणार होती?" सगळा व्हरांडा हसला. बाल्झियाही हसली. पण हसताना तिनं मान वळवली ती दौलेतखानकडे, माझ्याकडे नाही.

सतरा मिनिटं बसला तो तिथे.

१३ एप्रिल

आज बाल्झियाचा फॉर्म. बायकोला समोर बसवून तिचं पूर्ण नाव विचारायचं म्हणजे चमत्कारिकच. ती खिडकीकडे बघून उत्तरं देत होती.

सतरा. "शहरात, मावशीकडे. तुम्हाला माहीतच आहे."

मी लिहिलं — शहरात, मावशीकडे.

मग आत बाईंनी तिचा गळा चाचपला. इतरांचा एक मिनिट चाचपतात, तिचा बराच वेळ. पाणी प्यायला लावलं, पुन्हा चाचपला. डावीकडे गाठ आहे. कठीण, जर्दाळूच्या बीएवढी. सुई घालून बघायला हवं, बहुधा कापायलाही लागेल, ते शहरातल्या इस्पितळात. बस २७ तारखेला जाणार, बारा जणांना घेऊन. सतराव्या रकान्यावरून गुण पडतात, जास्त गुणांचे बारा आधी. बाल्झिया "शहरात" होती, म्हणजे वाऱ्याबाहेर. तिला ऑक्टोबर.

"मला ऑक्टोबर पसंत नाही," बाई म्हणाल्या. "पण यादी माझ्या पसंतीनं लागत नाही."

वर्षभर ती पाव चहात बुडवून खाते. मला वाटायचं, दात.

१५ एप्रिल, गुरुवार

दौलेतखान आज टेबलाशी आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्रेपन्न वर्षांचा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि डोक्यावर पांढरा केस शोधून सापडत नाही! गळ्याला मफलर. तो सोडला तर खाली कापल्याचा व्रण — त्याचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालेलं आहे. व्रणसुद्धा त्याला शोभतो.

सतरा. "तासबुलाकच्या झऱ्यावर, मेंढरांबरोबर. जून ते सप्टेंबर. दूध घोडीचं, करड्या घोडीचं. पाच-सहा वाट्या."

लारिसा पाव्लोव्हना मागेच उभ्या होत्या. "तिथे तुमच्याबरोबर असलेलं आज हयात कोण आहे?"

त्यानं टोपी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी टाक वर धरून वाट बघत होतो.

"सांग की," मी म्हटलं.

"बाल्झिया होती. तिच्या मामाच्या तंबूत. घोड्या तीच दोहायची." मग, कुणी विचारलं नसताना, "पिवळा रुमाल बांधायची."

लिहिलं. रुमाल सोडून सगळं लिहिलं. ओळ सरळ आली, शाई कुठे सांडली नाही.

एकतीस वर्षं! मला माझ्या लग्नातल्या कोटाचा रंग आठवत नाही आणि याला तिच्या रुमालाचा आठवतो. रंग बरोबर सांगितला, हेच जास्त झोंबलं.

बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "यातला एक चुकीचा आहे, काब्देश."

घरी विचारलं. ती पीठ मळत होती, हात थांबले नाहीत.

"लग्न ठरताना तुम्ही विचारलंत, दौलेतखानशी बोलायचीस का. मी घाबरले, शहर सांगितलं. एकदा शहर सांगितलं की पुढे शहरच सांगावं लागतं."

"काय होतं तुमच्यात?"

"दूध. मेंढरं. तो दोंब्रा वाजवायचा, मी ऐकायची. एकोणीस वर्षांची नव्हते मी अजून."

"मग लपवलंस कशाला?"

"आत्ता ताटावरून उठलात ना, म्हणून. तेव्हाही उठला असतात."

जेवलो नाही. ती म्हणते तसं होऊ नये म्हणून परत बसायला हवं होतं. नाही बसलो.

१६ एप्रिल

फॉर्म बदलला नाही.

१७ एप्रिल, शनिवार

शाकेन आजी टपाल कचेरीत पत्र विचारायला आल्या. त्यांना कुणी पत्र लिहीत नाही, त्या बातमी घ्यायला येतात.

"काब्देश, तुझं तोंड बघितलं तर दूध नासेल. काय, गावात कळलंय ते खरं का?"

"काय कळलंय?"

"की तुझी बायको कधीतरी तरुण होती म्हणून."

मी तिकिटं मोजायला घेतली. म्हातारी जाता जाता म्हणाली, "मेलेल्या उन्हाळ्यावर जळतोस, बाबा. ती गाठ मात्र जिवंत आहे."

दुपारी लारिसा पाव्लोव्हनांनी बोलावलं. दुरुस्ती करता येईल. अर्जदाराची सही, आणि त्या उन्हाळ्यात तिला तासबुलाकला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार. सामूहिक शेतीच्या कचेरीत कुरणावर गेलेल्यांची यादी असायची. त्यातली बासष्टचीच सापडत नाही. लष्करानं नेली म्हणतात. सोमवारी, २६ला, दुपारपर्यंत कागद आला तरच.

"एक साक्षीदार आहे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही कळलंय.

१९ एप्रिल

बाल्झिया म्हणते, राहू दे. ऑक्टोबर काही लांब नाही. तुम्हाला गावात मान खाली घालावी लागेल असं काही नको. माझ्यासाठी म्हणते! आणि हे म्हणताना गिळायला दोनदा थांबते.

दुरुस्तीचा कागद लिहिला. माझ्याच हातानं: "जून ते सप्टेंबर १९६२, तासबुलाक, घोडीचं दूध." जवळजवळ चार महिने. मला वाटलं होतं थोडे दिवस असेल, आठ-दहा. लिहिताना मोजले तर शंभराच्या वर भरतात. शंभर संध्याकाळी दोंब्रा.

दौलेतखाननं सही केली. सही कसली, चिखलातून बकरी गेल्यासारखी. मी म्हटलं, नाव वाचता येत नाही. तो म्हणाला, "तुला येतंय ना, झालं तर." बाल्झियाला हसू आलं, ते तिनं तोंडाशी नेलेल्या हातामागे दडवलं. मला दिसलं. मला सगळं दिसतं. हेच तर दुखणं.

२१ एप्रिल

दुसरा साक्षीदार नाही. कोण कुठे गेलं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, सगळ्यांच्या तारा मीच पोचवल्या. तिचा मामा एकाहत्तर साली गेला, रक्ताचा रोग. मामी त्याच्या पुढच्या वर्षी. दौलेतखानची आई, त्याचा धाकटा भाऊ. खाली पाणी भरायला येणारा म्हातारा मेंढपाळ. पाच नावं लिहिली, पाचही खोडली.

दिवसभर बाल्झिया कांदे निवडत बसली. मी फक्त तिचा गळा बघत होतो.

२२ एप्रिल, गुरुवार

आज त्याच्या तबेल्यात गेलो. एकोणतीस वर्षांत त्याच्या दाराशी पत्र देण्यापलीकडे थांबलो नव्हतो. तो घोडीचा खूर गुडघ्यावर घेऊन तासत होता.

म्हटलं, "दुसरा मिळत नाही. आठव कुणी. त्या उन्हाळ्यात वर आलेलं कुणीही."

"आठवायचं काय त्यात? माझ्यासमोर उभा आहे."

मी घोडीच्या खुराकडे बघत राहिलो.

"काब्देश, तेव्हा साऱ्या सामूहिक शेतीत मोटरसायकल एकच होती आणि तिच्यावर तू बसायचास. स्फोटाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आवाज ऐकला. टेकडीखालपर्यंत आला. थांबला. मग परत गेला. बाल्झिया म्हणाली, टपालवाला वाट चुकला वाटतं. मी म्हटलं, तो वाट चुकणाऱ्यांतला नाही."

"तिला कळलं होतं?"

"तिला काय कळतं आणि काय नाही ते तू जाण, नवरा तू." खूर खाली सोडला, हात झटकले. "आम्हाला हसताना बघितलंस आणि जळून परत गेलास, एवढंच ना? वीस वर्षांच्या पोरानं दुसरं काय करायचं? शरदात मी सैन्यात गेलो, मी परतायच्या आत तू मध्यस्थ पाठवलेस. तिनं हो म्हटलं. जिंकलास तू, मर्दा. आणि आयुष्यभर हरलेल्याचं तोंड घेऊन तूच हिंडतोस. मला कधी कधी वाटायचं, याला जाऊन विचारावं, तुला नक्की काय कमी पडलं?"

त्याला माझी कीव येते. हे मला माहीत नव्हतं. मत्सर परवडला.

निघताना म्हणाला, "सही कर. आलो होतो, पाहिलं होतं. तुझं काय जातंय?"

२३ एप्रिल, शुक्रवार

या वहीत मी टपालाच्या पिशव्यांची वजनंसुद्धा लिहितो. ते मात्र कधी लिहिलं नाही.

गेलो होतो. पावणेसात वाजले होते. मोटरसायकल टेकडीखाली उभी केली, चढण दगडांची आहे, पुढे पायीच जावं लागतं. अर्ध्यावर पोचलो तर दोघं दिसली. त्यानं करड्या घोडीचा लगाम धरलेला, ती दोहत होती, आणि तो काहीतरी म्हणाला. ती इतकी हसली की तिला बादली खाली ठेवावी लागली. त्याआधी मी सबंध हिवाळाभर टपाल कचेरीच्या खिडकीतून तिला हसवायचा प्रयत्न करत होतो. तिकिटं कशी चिकटवायची ते दाखवायचो. ती "बरं" म्हणायची.

पन्नास पावलं उरली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. वळलो.

लारिसा पाव्लोव्हनांना सांगितलं, दुसरा साक्षीदार मी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चालेल, म्हणाल्या, तेव्हा तुम्ही तिचे कुणी नव्हता. मग कागदावर बोट ठेवलं, "इथे साक्षीदार त्या जागी कशासाठी गेला होता ते येतं. हे रिकामं चालत नाही."

टपाल द्यायला, असं लिहिता आलं असतं. दोन शब्द. कुणी तपासणार नव्हतं.

म्हटलं, घरी नेऊन लिहितो.

२५ एप्रिल, रविवार

दोन दिवस कागद वहीत आहे. "टपाल द्यायला" तीनदा दुसऱ्या कागदावर लिहून पाहिलं. अक्षर चांगलं येतं.

बाल्झियानं गाठोडं बांधून ठेवलंय, न विचारता. वर लोकरीचे मोजे. म्हणजे तिला जायचंय. ऑक्टोबर, ऑक्टोबर करत होती ती माझ्यासाठीच.

२६ एप्रिल, सोमवार

कारणाच्या रकान्यात लिहिलं: "लष्करी अधिकाऱ्याचा लेखी निरोप द्यायला — उद्या सकाळी सातच्या आत तासबुलाकच्या सर्व लोकांनी जनावरांसह टेकडीपलीकडे जावे. निरोप दिला नाही."

खाली अर्जदाराची सही लागते. बाल्झिया रशियन हळू वाचते. दोनदा वाचलं. सही केली. बाईंनी शिक्का मारला. यादीत ती चौथी, बस उद्या सकाळी आठला.

घरी येऊन तिनं चहा केला. एकोणतीस वर्षांत माझ्या पेल्यात तिनं कधी अर्ध्याच्या वर चहा ओतला नव्हता, पुन्हा पुन्हा मागता यावा म्हणून. आज काठोकाठ भरला. पाहुण्यानं आता उठावं, तेव्हा भरतात तसा.