चौदा हजार पावलं

५ मार्च
आज व्यायाम घ्यायला यंत्रमानव आला! माणसं संपली बहुतेक. कमरेएवढा, पांढरा, तोंडावर कायमचं हसू. मी नाव ठेवलं — ठोकळा. "आजी, हात वर!" म्हणे. म्हटलं, आधी तुझे गुडघे दाखव, मग माझ्याशी बोल.

६ मार्च
सिस्टरने मनगटाला पट्टा बांधला. तो पावलं मोजतो आणि मुलाच्या फोनवर चुगली करतो.
मुलाचं ठरलेलं — "आई, जिना चढायला लागलीस की लगेच घरी नेतो." घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुबा मोडून या पुनर्वसन केंद्रात आले त्याला अकरा महिने झाले. मला माझ्या घरी जायचंय. बस्स!

७ मार्च
पावलं — एकशे बारा. त्यातली निम्मी संडासची.

९ मार्च
डोकं चालवलं. फरशी पुसणारी दिवसभर सगळी इमारत पालथी घालते. पट्टा तिच्या हातात!
"आजी, मला ओरडा बसेल."
"का म्हणून? चालतेस ना तू?"
संध्याकाळी चौदा हजार पावलं! ठोकळा कॉटपाशी येऊन टाळ्या वाजवतोय. मी पडल्या पडल्या मान डोलावली.

१६ मार्च
मुलाचा फोन. आवाज भरून आलेला. "आई, अगं मी तीन हजारसुद्धा चालत नाही! वीस एप्रिलला न्यायला येतो."
आनंदाने ओरडलेच. मग जिना आठवला.

१७ मार्च
सगळे जेवायला गेल्यावर ठोकळ्याला जिन्यापाशी नेलं. दोन पायऱ्या चढले आणि रडूच फुटलं. मेला म्हणतो कसा — "छान! आणखी एक?" ठेवणीतल्या शिव्या घातल्या. तिसरी चढले.

४ एप्रिल
अकरा पायऱ्या! ठोकळा खालूनच मोजतो. त्याला कुठे चढता येतंय! तेवढंच बरं वाटतं.

१९ एप्रिल
दोन मजले. कठडा धरून, पण माझ्या पायांनी. पुसणारीने पट्टा परत दिला, तिचेच डोळे भरलेले. ठोकळ्याच्या डोक्यावर टपली मारली. सुटले रे बाबा तुझ्या तावडीतून!

२० एप्रिल
घरी!! तीन मजले, पाच वेळा टेकले, पण चढले. मुलगा बॅग घेऊन मागून धापा टाकत. सुनेने दार उघडलं — आणि तिच्या शेजारी ठोकळा! हुबेहूब तोच.
"आई, तुमची प्रगती बघून भाड्याने घेतला!"
"आजी, हात वर!"
सुनेला हळूच बाजूला घेतलं. "आपल्याकडे हल्ली फरशी पुसायला कोण येतं गं?"