कंपनीचे नट

३ फेब्रुवारी, बुधवार

चाकवाल्याला विचारलं! बापाला नाही — चाकवाल्याला!

लेकीने गेल्या महिन्यात गाडी घेतली. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. आत बसायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. घेतली, चांगलं केलं, स्वतःच्या कमाईची आहे. आता एकवीस तारखेला बाईसाहेब शर्यतीच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा पळवणार. त्यासाठी नवी चाकं, नवे टायर. आणि कुठून घ्यायचे तेही ठरवून मोकळी! मला कळलं कसं? ही कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, शनिवारी तिचे टायर यायचेत." म्हणजे सगळ्यांना ठाऊक. चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलेला माणूस तेवढा या घरात पाहुणा!

४ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. म्हणते, "बाबा, तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

त्रास! दुनियेच्या गाड्यांखाली पाठ घासली तेव्हा नाही झाला तो त्रास!

६ फेब्रुवारी, शनिवार

न बोलावता गेलो. दुकान कसलं, काचेचा महाल. कॉफीचं यंत्र आहे, पण हाताला काळं लागलेला एक माणूस दिसेल तर शपथ. चाकवाला वीस इंची चकचकीत चाकांपुढे उभा राहून सांगतोय, "काका, लूक बघा ना लूक!" अरे, चाक मोठं केलं की टायरची कड पातळ होते. मग खड्ड्यातला धक्का टायर घेत नाही, चाकाला बसतो. हे सुनावायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेकच म्हणाली, "अठरा इंचीच द्या. हलकी आहेत, आणि टायरला जाडी राहते." माझ्या तोंडचं वाक्य पळवलं. बरोबर बोलली याचा आणखीनच राग आला.

मग टायर आणले. चारही काळेभोर, कोरे करकरीत. मी खाली बसलो आणि कडेवरचे चार आकडे वाचले — पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर यंदाचे. मागचे दोन चार वर्षांपूर्वीचे! रबर नुसतं पडून पडूनही कडक होतं. वळणावर पुढची चाकं धरणार आणि मागची सोडून देणार. गाडी गरकन फिरेल, आत माझी मुलगी!

चाकवाला म्हणाला, "काका, वापरलेले थोडेच आहेत?" मग मात्र माझा तोल गेला. पूर्ण दुकान ऐकत होतं. कॉफी पिणारेसुद्धा थांबले. दोन्ही टायर बदलून देतो म्हणाला, आणि जाईपर्यंत मला 'सर' म्हणत होता.

लेक गाडीत म्हणाली, "बाबा, हे माझ्या लक्षातच आलं नसतं." खिडकीबाहेर बघत बसलो. मजा आली पण.

१३ फेब्रुवारी, शनिवार

चाकं मीच बसवली, आमच्या अंगणात. गेल्या शनिवारनंतर मला नाही कोण म्हणणार?

चाकांबरोबर डब्यात काळे नट आले होते. हातात घेतले तर खेळण्यातले वाटावेत इतके हलके. मी म्हटलं, हे चालायचे नाहीत. गाडीचे मूळचे, कंपनीचे नट लावायचे. बाजारातले नट पान्याखाली तटकन तुटताना मी पाहिलेत. लेक म्हणाली, "पण बाबा, त्या कागदावर लिहिलंय की —"

"कागद मला शिकवू नकोस! तू जन्मायच्या आधीपासून नट आवळतोय मी."

ती म्हणाली, "बरं बाबा." काळ्या नटांचा डबा मी तिच्या डिकीत भिरकावला आणि कंपनीचे वीसच्या वीस नट टॉर्कच्या पान्याने आवळले. हवा तेवढा जोर लागला की हा पाना वाजतो. प्रत्येक वेळी टक्! हात अजून चालतो.

निघताना बजावलं — शंभर किलोमीटर झाले की गाडी इथे आणायची, नट पुन्हा तपासायचे. माझ्या दुकानात हा नियम मोडायची कुणाची टाप नव्हती.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आली नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही! फोन केला तर म्हणते, "मी तपासले बाबा, घट्ट आहेत." तिने तपासले! तिच्याकडे पाना कुठला? म्हणे विकत आणला. म्हणजे बापाचा पानासुद्धा चालत नाही आता. मी फोन ठेवून दिला.

ही म्हणते, "अहो, तिलाही येतं की थोडंफार. कशाला तणतण?" मी तणतणत नाही. नियम म्हणजे नियम.

२० फेब्रुवारी, शनिवार

उद्या ट्रॅकवर या म्हणून लेकीने दोनदा निरोप धाडला. जाणार नाही. तिथे काय, चाकवाल्यानेच टाळ्या वाजवाव्यात!

२१ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

टॅक्सीची वाट बघतोय म्हणून लिहितोय, नाहीतर वेड लागेल.

जुनी चाकं धुऊन माळ्यावर टाकायला काढली होती. नट बसतात त्या जागा फडक्याने पुसत होतो. गोल आहेत. वाटीसारख्या. आणि नव्या चाकांच्या? निमुळत्या होत्या! नरसाळ्यासारख्या! मी पाहिल्या होत्या. डोळ्यांनी पाहिल्या आणि घमेंडीत पुढे गेलो. कंपनीचा नट गोल बुडाचा, निमुळत्या जागेत तो नुसता कडेवर टेकतो. पाना टक् वाजतो, पण नट बसलेला नसतो. चार जोरात वळणं घेतली की ढिला होत जातो. मग चाक निखळतं.

कागदावर हेच लिहिलं असणार. तेच ती सांगत होती.

फोन बंद आहे तिचा. दहाला गाड्या सुटतात. पावणेदहा झाले. माझ्या हाताने बसवलेत ते नट. माझ्या हाताने.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

पोचलो तेव्हा तिच्या सहा फेऱ्या झाल्या होत्या. गाडीजवळ हेल्मेट काढून उभी होती, घामाघूम, हसत. मी तिच्याकडे न बघता आधी चाकाशी बसलो. सगळे नट काळे. डब्यातले.

"त्याच संध्याकाळी बदलले, बाबा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"त्या चाकवाल्याच्या दुकानातून निघालो ना, तेव्हा किती वर्षांनी तुम्हाला असं खूश बघितलं." मग हळूच म्हणाली, "कुणालाच सांगितलं नाहीये. आईलासुद्धा नाही."

मी तिथेच, चाकाला टेकून, सगळ्यांसमोर रडलो.