देवीपुढचं पाकीट

सोलापूर, ४ डिसेंबर २०२३

ती. आप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

माझा फोन आला की तुम्ही तो आईच्या हातात देता, म्हणून पत्र लिहायला बसलो. कमळाभवानीच्या जत्रेत चार पाहुण्यांसमोर माझ्याकडून एटीएम कार्ड काढून घेतलंत. शेळ्या विकून भरलेले पैसे खात्यातून गळतात ते मीच खातो म्हणालात. आप्पा, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

खातं दोघांच्या नावावर, म्हणून इथल्या शाखेतून उतारा काढला. क्रेडिट कार्डाची फी, ती भरली नाही म्हणून दंड, वर त्याचा जीएसटी, असं दर महिन्याला बँकच कापते आहे. माझ्याकडे असलं कार्ड नाही. तुम्ही घेतलंय का?

राग धरा, पण लोभ सोडू नका.

आपला,
अभिमन्यू


करमाळा, ११ डिसेंबर

चि. अभिमन्यूस,
अ. उ. आ.

मी कसलंबी कार्ड मागितलं न्हाय. बँकेतला मल्लिनाथ मला मामा म्हणतो. त्यानं चहा पाजला आन् सही घेतली. पुढं बँकेचं पाकीट आलं. माज्या नावानं बँकेनं पहिल्यांदाच कायतरी धाडलं, म्हणून तुज्या आईनं हळदकुंकू वाहून देवीपुढं ठेवलं. अजून फोडलं न्हाय.

मल्लिनाथ लई गुणाचा हाय. तू नवी गाडी कुठल्या पैशावर घेतलीस, ते सांग की आदी.

आई आठवण काढती.

आप्पा


सोलापूर, १६ डिसेंबर

ती. आप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

गाडी हप्त्यावर आहे. परक्या पोराचं मामा म्हणणं खरं आणि माझं सगळं खोटं, याचं फार वाईट वाटलं.

आता एक ऐका. पाकीट फोडू नका! कुंकूसुद्धा पुसू नका. त्यात तेच कार्ड असणार. मी बँकेत फोन केला तर तिथले म्हणाले, कार्ड वापरलं असेल; न फोडलेलं पाकीट हाच आपला पुरावा. तसंच बंद पाकीट मॅनेजरपुढे ठेवा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तुमचं उत्तर येईपर्यंत जिवाला घोर आहे.

आईला नमस्कार.

अभिमन्यू


करमाळा, १२ जानेवारी २०२४

चि. अभिमन्यूस,
अ. उ. आ.

गेलो व्हतो. मॅनेजरनं पाकीट उलटंपालटं केलं, बोटाला कुंकू लागलं. मल्लिनाथला बोलावून विचारलं, मला सांगून सही घेतली का. त्यानं न्हाय म्हणून मान हलवली, त्या दिशी मला मामा म्हणून हाक मारली न्हाय. कापलेले सगळे पैसे काल खात्यात आले.

पैसे आले, पर जत्रेत चारचौघांत तुला बोललो ते मला लई टोचतंय. त्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, माजा ल्योक चोर न्हाय.

एटीएम कार्ड ह्या पत्रात घातलंय. तुज्यापाशीच ठेव. नंबर त्योच हाय, तुज्या जन्माचं साल. राग व्हता तवाबी बदलला न्हाय.

आता फोन कर. मीच उचलतो.

तुजा आप्पा